लाल घुबडाच्या टोपीला आलेला संशय

जगातले सगळे मोठे विजय डोक्याने मिळवले जातात, असं शहाणी माणसं सांगतात. ते खोटं आहे. विजय डोक्यावर काय घातलंय त्यावर ठरतो. मित्रांनो, मी एक जुनी लोकरी टोपी आहे, आणि आमच्या गावच्या लाल घुबडांच्या संघाने बर्फावरच्या हॉकीत मारलेला प्रत्येक मोठा सामना माझ्यामुळे मारलेला आहे. त्यातला एकही मी पाहिलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

त्याचं असं होतं. सामना रंगात आला, की माझे मालक ताइस्तो मला दोन्ही हातांनी खाली ओढतात, थेट नाकापर्यंत, माझे डोळेही मुठीत दाबून. मग आत अंधार, ऊब आणि कॉफीचा वास. बाहेर हजारो माणसं बोंब मारतात. ताइस्तो आतूनच शेजाऱ्याला विचारतात, "काय झालं?" शेजारी सांगतो. एवढंच आमचं हॉकीदर्शन.

मला हेल्काने विणलं. तेव्हा तिचं आणि ताइस्तोंचं लग्न व्हायचं होतं. माझ्या कपाळावर घुबड काढताना तिच्या हातून एक डोळा बारीक झाला, त्यामुळे मी जन्मापासून जगाकडे जरा संशयाने बघते. त्यात माझा दोष नाही. विणच तशी आहे.

हिवाळा सरत आला, की आमच्या फिनलंडमध्ये अंतिम फेऱ्या सुरू होतात. त्या संपेपर्यंत खेळाडू दाढी करत नाहीत आणि ताइस्तो मला धुऊ देत नाहीत. एका वर्षी चुकून धुतली गेले, तर घुबडं पहिल्याच फेरीत घरी बसली. तेव्हापासून कायदा पक्का झाला. माझ्या वासाबद्दल मी स्वतः काय बोलू? माझ्या शेजारची खुंटी घरात कुणी वापरत नाही, एवढं सांगते.

यंदा अंतिम लढत निळ्या रानडुकरांशी होती. तीन सामने त्यांनी घेतले, तीन आम्ही. सातवा शनिवारी संध्याकाळी. जो जिंकेल त्याचा करंडक. अशा वेळी टोपीने डोळे उघडे ठेवायचे असतात, आणि मी ते ठेवले.

शुक्रवारी हेल्का माझ्याजवळून गेली आणि तिने नाक मुरडलं नाही. मित्रांनो, रोज नाक मुरडणारं माणूस एखादे दिवशी मुरडत नाही, तेव्हा सावध व्हावं.

शनिवारी दुपारी जावई आला. इस्मो त्याचं नाव. माणूस तसा बरा, पण रानडुकरांचा. त्याने सोबत वेलचीचे पाव आणले होते, तेही ताजे. माझा संशय दुप्पट झाला.

"या जावईबापू," ताइस्तो म्हणाले. "पावात काय घातलंय?"

"वेलची."

"आणि?"

"लोणी. सासरेबुवा, विष घालायचं तर मी तुमच्या गोलकीपरला घातलं असतं. पण त्याची काय गरज? तो तसाही झोपलेलाच असतो."

ताइस्तोंनी दोन पाव खाल्ले. आधी इस्मोला एक खायला लावला.

सकाळी बर्फ पडला होता आणि ताइस्तो मला घालून आवारातून चक्कर मारून आले होते, म्हणून मी ओली होते. हेल्काने मला दाराजवळच्या खुंटीवरून उचललं. "इथे वाळायची नाही," असं म्हणत ती मला घेऊन गेली ती थेट सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत. तिथे वाफेत डोक्यावर घालायच्या जाड टोप्या टांगलेल्या असतात. त्यांच्या रांगेत तिने मला लावलं. साबणाची वडी हाताच्या अंतरावर होती. मी तिच्यावर नजर रोखून बसले.

घात मात्र दुसरीकडून झाला. सामन्याआधी सौना हवाच, आणि पाहुणा आधी. इस्मो आला, त्याने कपडे काढले, आणि चष्माही काढला, कारण आत चष्म्याची दांडी कानाला चटका देते. मग चष्म्याविना त्याने खुंटीवरची पहिली टोपी ओढली, रीतीप्रमाणे गार पाण्याच्या बादलीत बुडवली, पिळली आणि डोक्यावर चढवली. ती टोपी मी होते.

वरच्या फळीवर बसून तो तापलेल्या दगडांवर पळी पळीने पाणी ओतत होता आणि मी आखडत होते. रानडुकराच्या डोक्यावर घुबड. एवढ्यात ताइस्तो आत आले.

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यातून गळणाऱ्या पाण्याकडे. 

"हेल्का," त्यांनी हाक मारली. "याने टोपी धुतली."

"मला दिसलंच नाही हो," इस्मो म्हणाला. "शप्पथ."

"रानडुकराची शप्पथ."

हेल्का दारात आली. टॉवेल गुंडाळलेला नवरा, टॉवेल गुंडाळलेला जावई आणि मधे मी, पाणी गळत असलेली. वर्षानुवर्षं ती मला धुवायला टपलेली. आता ती काय बोलते याकडे आम्हा तिघांचं लक्ष.

"साबण लावला?" तिने विचारलं.

"नाही."

"मग ती धुतलेली नाही. भिजलेली आहे. बर्फात भिजते तशी."

"तू म्हणतेस हे?" ताइस्तो म्हणाले.

"विणली मी आहे. मीच सांगणार."

ताइस्तोंचा जीव भांड्यात पडला. शेगडीजवळ मला वाळवून त्यांनी डोक्यावर घातलं. मी जेमतेम कपाळापर्यंत आले. कान बाहेर. त्यांनी खाली ओढलं. मी पुन्हा वर. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. मी पुन्हा वर.

"डोळ्यांवर येत नाही ही," ते हळूच म्हणाले. आवाजात भीती होती.

"नको येऊ दे," हेल्का म्हणाली. "ख्रिसमसला मोतीबिंदू काढलास तो काय टोपीचं आतलं बघायला?"

"सासरेबुवा, आज हरलात तर दोष मला द्या," इस्मो म्हणाला.

"तुलाच देणार. जिंकलो तरी तुलाच देणार."

आता आम्ही मैदानातल्या बाकावर बसलो आहोत. दिवे लागलेत, बर्फ आरशासारखा चकाकतोय. इतकी वर्षं इथे येऊनही ताइस्तोंना तो असा दिसेल याची कल्पना नव्हती. त्यांचे हात सारखे माझ्याकडे येताहेत आणि रिकामेच परत जाताहेत. शेजारी हेल्का बसली आहे. आणि माझ्या बारक्या डोळ्याला एक गोष्ट राहून राहून टोचते. ओली लोकर वाफेत आखडते, हे विणणाऱ्या बाईला ठाऊक नसेल? इस्मो चष्मा काढूनच आत जातो, हे सासूला ठाऊक नसेल? मग मला पहिल्याच खुंटीवर कुणी लावलं?

पुरावा काही नाही. ती समोर बघते आहे आणि गालात हसते आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, त्यांच्यावर श्रद्धा ठेवा, हे सगळं मी सांगणार होते. पण हॉकीची चकती आता बर्फावर पडेल, सामना सुरू होईल, आणि ताइस्तोंनी नुकतंच सॉसेज घेतलं आहे. तेव्हा एवढीच विनंती: मोहरीच्या सॉसचा हात टोपीला पुसू नका.