मागून हाक

लताने मागून हाक मारली आणि शशिकांत केबिनच्या दारातच थांबले. त्यांचं बीकन खुंटीवर राहिलं होतं. बर्फाखाली गाडलं गेलेलं माणूस शोधता यावं म्हणून अंगावर बांधायचं ते यंत्र. ते घेऊन लगेच निघणं काही अवघड नव्हतं. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारली की अपशकुन होतो, हे शशिकांतच्या घरात पूर्वापार चालत आलेलं. अमेरिकेत राहून, कंपनीत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होऊनही ते सुटलं नव्हतं. ते आत आले, बूट काढून खुर्चीत बसले आणि चहा मागितला.

“किती वेळा सांगितलं, मी निघाल्यावर तोंड उघडायचं नाही. एवढं तरी डोक्यात शिरू दे.”

मुलासमोर म्हणाले. मुलासमोर, हॉटेलात, मंडळाच्या गणपतीत, लता हे सगळीकडे ऐकत आली होती. तिने चहा टाकला.

निहार सारखा खिडकीकडे बघत होता. तो कोलोरॅडोतच राहायचा, त्याला हे डोंगर ठाऊक होते. वसंतातला बर्फ रात्री गोठून घट्ट होतो आणि ऊन चढलं की सुटतो, म्हणून तळ्याकडे जाताना लागणारा उतार सकाळीच ओलांडायचा, हे त्याने दोघांना आदल्या दिवशी समजावलं होतं. चहा झाला, बूट पुन्हा चढले, बीकन अंगावर बांधलं गेलं, तोवर छपरावरून पाणी गळायला लागलं होतं.

उताराशी पोचल्यावर निहारने काठी रोवली. ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली.

“बाबा, लेट झालंय. स्नो एकदम सॉफ्ट आहे. आज कॅन्सल करू.”

“सह्याद्री पालथा घातलाय मी. आणि उशीर कोणामुळे झाला, ते तुझ्या आईला विचार.”

ते एकटेच निघायला लागले तेव्हा निहारने हात टेकले. एका वेळी एकानेच जायचं, आधी तो, मग बाबा, शेवटी आई, एवढं त्याने कबूल करून घेतलं. मधल्या खडकामुळे पलीकडून वरचा उतार दिसत नव्हता, तो फक्त लता उभी होती तिथून दिसायचा. निहारने स्वतःची शिट्टी तिच्या गळ्यात घातली.

“आई, वर काहीही हललं तर वाजव. बाबांना झाडांकडे पळायला टाइम मिळेल.”

निहार सुखरूप पार गेला. मग शशिकांत निघाले, नेहमीसारखे, मागे न बघता. ते मध्यावर असताना वरून बर्फाचे लाडवाएवढे गोळे घरंगळत आले. लताने हातमोजा काढला आणि शिट्टी हातात घेतली. मग वर बर्फात तड्याची एक आडवी रेघ उमटली. ती रेघ रुंदावत गेली. झाडं शशिकांतपासून अगदी जवळ होती. लताला फार शांत वाटलं, आणि इतकं शांत वाटतंय याची भीतीही वाटली.

मग अख्खा उतार खाली आला.

बीकनने जागा लगेच दाखवली. पण ओला बर्फ थांबला की सिमेंटसारखा आवळतो. निहार एकटाच फावड्याने उकरत होता, आईला हाका मारत होता. चेहरा मोकळा झाला तेव्हा तो निळा पडला होता. निहार छाती दाबत राहिला, हात चालेनात तोवर.

लता सावकाश खाली आली.

“आई, तू ओरडली का नाहीस?”

“ते निघाले होते रे,” ती म्हणाली. “मागून हाक मारलेली त्यांना चालायची नाही.”

निहारला रडू फुटलं. बाबांनी हिला इतकं धाकात ठेवलं की तोंडून शब्द फुटला नाही, या विचाराने त्याला बाबांचा रागही आला आणि स्वतःचीही लाज वाटली. आईचा उघडा हात थंडीने पांढरा पडला होता. ऊब द्यावी म्हणून त्याने तो आपल्या हातांत घेतला. मूठ उघडेना, तेव्हा त्याने एकेक बोट सोडवलं.

आत शिट्टी होती. तिच्या कडा तळव्यात खोल रुतल्या होत्या.

निहारने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. त्याने तिचा हात सोडला.