मदत मागितलेली गाडी

"केरबा, चला. पॅसिंजर बसली." पॉइंट्समन चिठ्ठी घेऊन धावतच आला, तेव्हा केरबा खाडे इंजिनाच्या सावलीत भाकरी सोडून बसला होता.

"कुठं?"

"वळिवडं आन रुकडीच्या मदी. वाफ पडली म्हनं. गार्ड रुकडीला चालत गेला आन तिथनं फोन केलाय."

"डायवर कोन?"

पॉइंट्समननं आधी चिठ्ठीकडं पाहिलं, मग केरबाकडं. "तुमचं जावई."

केरबानं भाकरी फडक्यात गुंडाळली आणि उठला.

कोल्हापूरच्या शेडमध्ये एक इंजिन कायम वाफ धरून उभं असे. वाटेत एखादी गाडी बंद पडली तर तिला ओढून आणायचं, हे त्याचं काम. त्याच्यावर तिन्ही पाळ्यांत एक ड्रायव्हर आणि एक फायरमन बसलेले असत. विस्तव विझू द्यायचा नाही आणि बोलावणं आलं की पंधरा मिनिटांत निघायचं. बोलावणं वर्षातून एखाद्या वेळी यायचं, म्हणून तिथं धडधाकट माणूस बसवणं साहेबाच्या जिवावर येई. मग ज्याची नजर अधू झाली, ज्याला दमा आहे, ज्याच्या नावावर काही लागलंय, त्यांची तिथं भरती. जी माणसं धावत्या गाडीवर नकोत, तीच अडकलेल्या गाडीला सोडवायला पाठवायची, ही अक्कल कुणाची होती देव जाणे. संस्थान विलीन झालं, स्टेशनावरच्या पाट्या बदलल्या, पण ही वहिवाट तशीच राहिली. फायरमन गुंडूला दमा होता. केरबाच्या नावावर आकाराम होता.

तेरा वर्षांपूर्वी केरबा स्वतः पॅसेंजरवर होता. चढावर वाफ पडली आणि त्यानं मदत मागितली. अशा वेळी नियम एकच असतो: मदत मागितली की जागचं हलायचं नाही. वाफ आली तरी नाही, कारण समोरून त्याच रुळांवर मदतीचं इंजिन यायला निघालेलं असतं. अर्ध्या तासात वाफ आली. डब्यांतून लोक टोमणे मारत होते. केरबाला वाटलं, ते इंजिन कुठलं एवढ्यात निघतंय, तोवर आपण स्टेशन गाठू आणि नामुष्की टळेल. पाऊण मैलावर वळणात दोन्ही इंजिनं समोरासमोर आली. वेग कमी होता म्हणून डबे वाचले. मदतीच्या इंजिनाचा फायरमन आकाराम उडी टाकायला गेला आणि मधे सापडला. केरबाला नोकरीतून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुढं कितीदा तरी वाटलं.

लेक शालू ज्याला दिली, त्या जोतीरामला त्यानं सगळं शिकवलं होतं. वाईट कोळशावर विस्तव कसा राखावा, उतारावर ब्रेक कधी धरावा, सगळं. आकारामची ही एक गोष्ट तेवढी सांगितली नव्हती. जावयासमोर तोंड उघडायचं कसं? आता चिठ्ठीवर त्याच जोतीरामचं नाव आलं होतं.

वळिवडं मागं पडलं. पंचगंगेच्या पुलावरून केरबानं इंजिन जपून नेलं आणि पलीकडं वेग आणखी कमी केला. दर दहा-वीस खांबांना तो शिट्टी मारत होता. रुळांच्या दोन्ही बाजूंनी ऊस उभा होता, त्यामागं बाभळी. पुढं वळण होतं, आणि वळणापलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

"जोतीरामराव शाना मानूस हाय," गुंडू खोकत म्हणाला. "उगंच काळजी करतायसा."

"मीबी शानाच हुतो की."

गुंडूनं दोन फावडी कोळसा टाकला.

"कोळसा ऱ्हाऊ दे. तू त्या अंगानं बघ. उसावर धूर दिसतोय का सांग."

गुंडू बाहेर वाकला. "दिसतोय."

"एका जागी हाय का हलतोय?"

"कळंना. वारं हाय."

"नीट बघ."

"न्हाय कळत, केरबा. पन धूर न्हवं त्यो. पांढरं हाय. वाफ सुटाय लागलीया वरनं."

वरनं वाफ सुटते म्हणजे बॉयलर वाफेनं गच्च भरला. म्हणजे जोतीरामची गाडी आता कधीही निघू शकते. आत दीड-दोनशे माणसं असतील, उन्हात तापलेली, बोलून बोलून त्याला खाणारी. जोतीराम मानी होता. पुढच्या महिन्यात मेलगाडीच्या ड्रायव्हरकीसाठी त्याचं नाव जायचं होतं, आणि ओढून आणलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला मेल कोण देतो? त्या घडीला डोक्यात काय काय येतं, ते केरबाला कुणी सांगायला नको होतं. मनातल्या मनात तो जावयाची विनवणी करत होता. पोरा, हलू नकोस. लाज गेली तर जाऊ दे. माझं ऐक आणि हलू नकोस.

त्यानं इंजिन माणसाच्या चालीवर आणलं. "गुंडू, उतर खाली."

"का?"

"रुळापास्नं लांब धर आन बाजूनं चालत ये."

"आन तुमी?"

"मी हाय हितं. उतर म्हंतो न्हवं."

गुंडूनं त्याच्याकडं पाहिलं. काय समजायचं ते समजून तो उतरला आणि उसाच्या कडेनं चालू लागला. केरबा एकटा उरला. एक हात ब्रेकवर, दुसरा शिट्टीच्या दोरीवर.

चाकाखाली फटाका फुटला. लगेच दुसरा, मग तिसरा. पुढं गाडी उभी आहे हे कळावं म्हणून रुळावर ठेवतात ते फटाके. केरबानं ब्रेक लावला. इंजिन थांबलं.

वळणावर रुळांच्या मधोमध लाल निशाण धरून एकजण उभा होता. फायरमन असेल म्हणून केरबानं निरखून पाहिलं, तर तो स्वतः जोतीराम.

केरबा खाली उतरला. भीतीचा एकदम राग झाला. "इंजिन सोडून आलासा? डायवर हायसा का कोन?"

"फायरमन हाय वर. ब्रेक बांधून त्याला बसवलाय." जोतीराम घामानं निथळत होता. "वाफ आली, मामा. पुरी आली. वर बसलो असतो तर हात आपसूक वाफेच्या दांड्यावर गेला असता. म्हनून मीच निशान घिऊन उतरलो."

केरबानं मागं वळून गुंडूला इंजिनावर चढायची खूण केली.

"आकारामचं शेडात सगळ्यास्नी ठावं हाय," जोतीराम खालच्या आवाजात म्हणाला. "तुमच्याम्होरं कोन काढत न्हाय, एवढंच."

तेरा वर्षं माणसं आपल्याला सांभाळून घेत आली आणि आपल्याला वाटत राहिलं की आपणच लपवलंय. केरबाला त्या उन्हात उभं राहवेना. त्यानं जावयाच्या खांद्यावर हात ठेवला, आधारासाठी ठेवला, आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

मग साखळी जोडली. नियमाप्रमाणे केरबाच्या इंजिनानं गाडी ओढायला घेतली. मागं जोतीरामचं भरल्या वाफेचं इंजिन नुसतं फुसफुसत ओढलं जात होतं. "डायवर, खाली उतरून ढकला की," खिडकीतून कुणीतरी ओरडलं आणि दोन-तीन डबे हसले. जोतीराम समोर बघत उभा होता.

कोल्हापुरात केरबानं शेडच्या बाबूला सगळं सांगितलं. वाफ आली होती, तरी जोतीराम हलला नाही, हे कागदावर लिहा म्हणाला. बाबू त्र्यंबक जोशी भला माणूस होता. त्यानं छापील फॉर्म उलटसुलट करून पाहिला.

"गाडी का थांबली ते लिहिता येतं, खाडे. किती उशीर झाला तेही. हे कुठं लिहू?"

"लिवाच कुटंतरी."

"बघतो," बाबू म्हणाला. बघूनही काही होणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मेल दुसऱ्याकडं जाणार होती.

केरबा फाटकापाशी येऊन उभा राहिला. पॅसेंजरची माणसं बाहेर पडत होती. कुणाची कोर्टाची तारीख हुकली होती, कुणाचं पोर रडत होतं, आणि सगळे मिळून ड्रायव्हरच्या नावानं खडे फोडत होते. केरबा एकेकाकडं बघत होता. बायका, म्हातारे, काखेत कोंबडं धरलेला एक शेतकरी, सगळे आपापल्या पायांनी चालत निघाले होते.

शेवटी एक म्हातारी आली आणि बोचकं खाली टेकून दम खात थांबली.

"कसला मेला डायवर," ती म्हणाली. "दीड तास उनात उबं केलं आमाला."

"व्हय, आक्का," केरबा म्हणाला, आणि वाकून त्यानं बोचकं उचलून तिच्या डोक्यावर नीट ठेवून दिलं.