समुद्र पाहायला निघालेलं गाढव

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे. पाठ मोडली, कोपरे दुमडले, पण ऐट अजून कायम आहे. माझ्या गोष्टीतलं गाढव समुद्र पाहायला निघतं.

छापखान्यातून आम्ही भावंडं घरी आलो, तेव्हा आमच्या लेखिकाबाई हरखून गेल्या. दारात येईल त्याच्या हातात त्या एकेक प्रत ठेवू लागल्या. दूधवाल्याला दिली, डॉक्टरांना दिली, पत्ता चुकून आलेल्या पाहुण्यालाही दिली.

"अगं, स्वतःला एक तरी ठेव!" त्यांची बहीण ओरडली.

"मला कशाला? मीच तर लिहिलंय!"

लिहिणारी माणसं अशीच वेडी असतात.

मी वाचनालयात आलो. काय ते दिवस! आज एकाच्या दप्तरात, तर उद्या दुसऱ्याच्या उशाशी. याच धामधुमीत कुणीतरी माझं शेवटचं पान फाडलं. फार दुखलं हो! मुलं शेवटाशी येऊन हिरमुसायची आणि पेन्सिल काढायची. पुढे नवी चकचकीत पुस्तकं आली आणि मला कुणी विचारेना. एके दिवशी तर ग्रंथपालबाईंनी मला रद्दीच्या खोक्यात टाकलं. मी पार खचलो.

नेमक्या त्याच दुपारी काठी टेकत लेखिकाबाई आल्या. प्रकाशक गोष्ट पुन्हा छापायला तयार होते, पण प्रत कुठेच मिळत नव्हती. ग्रंथपालबाईंनी खोकं उपसून मला बाहेर काढलं. लेखिकाबाईंनी मला पोटाशी धरलं, भराभरा पानं उलटली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अगं बाई, शेवटचं पानच नाही! गाढव पोचलं का गं समुद्रापाशी?"

"आता हे तुम्हीच मला विचारताय?"

"काही केल्या आठवत नाही गं. शेवटाशिवाय कोण छापणार?"

मला वाटलं, संपलं, आता पुन्हा खोक्यात. पण ग्रंथपालबाईंनी माझं मागचं कव्हर उघडलं. आत मुलांनी गिचमिड अक्षरात आपापले शेवट लिहिले होते.

'पोचलं. पण पाणी खारट निघालं म्हणून भांडून परत आलं.'

'गाढव वाटेतच झोपलं. मग समुद्रच त्याला बघायला आला.'

'पोचलं, पण बघितलं नाही. आधी आईला आणायला गेलं.'

लेखिकाबाई खो खो हसत होत्या. शेवटची ओळ वाचून मात्र त्यांनी डोळे पुसले.

"माझा शेवट एवढा चांगला नसणार," त्या म्हणाल्या. "या पोरांची गोष्ट आता मी कशाला संपवू?"

नव्या आवृत्तीत शेवटचं पान कोरंच ठेवायचं ठरलं. "लोक म्हणतील, छापायचं राहिलं!" प्रकाशक कुरकुरले. "म्हणू देत," बाई म्हणाल्या. मलाही डिंक लावून, नवी पाठ चढवून पुन्हा खालच्या फळीवर बसवलं आहे. मी सध्या भलताच खूश आहे.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. हात पुसून आम्हाला उघडा, पानं हळू उलटा. आणि नव्या प्रतीच्या कोऱ्या पानावर गाढवाचं काय झालं ते नक्की लिहा. बाई दर शनिवारी वाचनालयात येतात आणि आधी तेच पान उघडतात.