मागच्या पानावरचा प्रश्न

भाचीचं ते पत्र मामाला तोंडपाठ झालं होतं, पण उत्तर काही त्याने अजून दिलं नव्हतं. पत्र शब्दकोशाखाली दबून पडलं होतं. कोश उघडायची वेळ आली की मामा शब्दच बदलायचा.

तिने पत्र लिहिलं, कारण फोनवर मामा कधी सापडत नसे. घंटी वाजली की हा हमखास आंघोळीला गेलेला. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासून त्याने दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या. स्वतःचं वाक्य बोलायची पाळी आली की मात्र तो काढता पाय घ्यायचा.

भाचीने लिहिलं होतं, 'मामा, लग्नातली फुलं मी स्वतः करतेय, दुकानातल्या कातरणांची. पानं मात्र तुझ्याकडची हवीत. तुझ्याकडे घरभर आहेत. थोडी कापलीस तर कळणारही नाही.'

कळणार नाही! घरभर पुस्तकं होती हे खरं, पण त्यांची पानं कापायची? मामा रोज कपाटासमोर उभा राहायचा. हे नको, परत मिळायचं नाही. ते नको, त्यातलं प्रत्येक अक्षर आपण तपासलंय. बरं, नाही म्हणावं, तर बहिणीच्या माघारी राहिलेली एकुलती एक पोर. शेवटी पुस्तकांच्या सुरुवातीची कोरी पानं तेवढी त्याने जीव मुठीत धरून कापली, पुडा बांधला आणि तो निघाला.

भाची शिंपीणकाकूंच्या दुकानात कामाला होती. कापड बेतायच्या टेबलावर साटिनच्या तुकड्यांचा पसारा होता. ती एकेक पाकळी चिमट्यात धरून मेणबत्तीवरून फिरवायची. कडा आक्रसून आत वळायच्या. मग पाकळ्या एकात एक बसवून बुडाशी टाका घालायचा, खाली तार, तारेला दोरा. फुलं छान झाली होती. काही थोडी कोबीसारखी दिसत होती. ती काकूंनी केलेली.

"अगंबाई, मामा! वाट चुकलास की काय?"

"पानं आणलीत," मामाने पुडा पुढे केला.

भाचीने एक कागद उचलला, उलटून पाहिला. "हे काय?"

"कोरी आहेत. छापलेली नाही गं कापवली मला. रागावू नकोस."

काकूंनी आधी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या, आणि मग हसायला सुरुवात केली.

"अरे देवा!" भाची म्हणाली. "मामा, पानं म्हणजे पानं! हिरवी! तुझ्या खिडकीतला मनी प्लांट कपाटावरून पार छतापर्यंत गेलाय, दिसत नाही का तुला?"

"त्याच्यामागची पुस्तकं दिसतात," मामा पुटपुटला.

"नशीब हिने मुळं नाही मागितली," काकू म्हणाल्या, "नाहीतर घराचा पायाच खणून आणला असता तुम्ही!"

मामाही हसला, कानापर्यंत लाल होऊन. भाचीने मात्र कात्री घेतली, एका कागदाचं टोकदार पान कापलं, मधोमध घडी घालून शीर उठवली आणि ते एका पांढऱ्या फुलाखाली धरलं. जुना पिवळसर कागद असा काही शोभला, की काकूंचंही हसू थांबलं.

"हीच लावणार मी," भाची म्हणाली. "हिरवी राहू देत कपाटावर." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "पण मामा, तू पुढच्या पानाचं उत्तर घेऊन आलास. मागच्या पानाचं काय?"

मामाने मान खाली घातली. पत्राच्या मागच्या पानावर एवढंच होतं: 'आई असती तर तिने माझा हात धरला असता. दारापासून आतपर्यंत, सगळ्यांसमोर, तू येशील माझ्याबरोबर? चालेल ना?' कापायच्या पानांचं निमित्त होतं. एवढे दिवस तो खरा भ्याला होता, तो या ओळींना.

"सगळे बघतील गं."

"तुमच्याकडे कोण बघतंय?" काकू म्हणाल्या. "माझ्या कोबीकडे बघतील सगळे!"

भाचीने एक कोरं पान उचलून मामाच्या खिशात घातलं. "तोंडाने तुला जमायचं नाही. लिहून पाठव. नाही म्हणालास तरी चालेल, पण उत्तर दे."

घरी आल्यावर मामाने कोपरात छत्री अडकवली आणि दारापासून कपाटापर्यंत चालून पाहिलं. पाय अडखळले. वळून पुन्हा चालला. मनी प्लांटचं पानही हललं नाही.

मग तो लिहायला बसला. आशीर्वाद लिहिले आणि खाली एकच शब्द: 'चालेल.' सवयीने त्याने तो तपासला. शब्द शुद्ध होता, तरी नजर अडली. चालेल काय, कोणीही म्हणतं. छत्री दुरुस्त करणाराही म्हणतो. त्याने शेवटच्या 'ल'वर काट मारली आणि समासात, छापखान्यातल्या रीतीने, 'न' लिहिला.

चालेन.

कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट पडल्याचा आवाज नीट ऐकू आला. तरीही मामाने फटीत बोट घालून एकदा खात्री करून घेतली.