दोन हमाल, एक कपाट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाबद्दल पुष्कळ गप्पा होत्या आणि त्यातल्या निम्म्या त्यानेच पसरवलेल्या. लिफ्टच्या दोराला कान लावून कितव्या मजल्यावर नवरा-बायकोचं वाजलंय हे तो सांगायचा म्हणे. एकदा तर मध्येच अडकलेल्या एका साहेबाला त्याने नुसत्या शिट्टीवर खाली उतरवलं होतं. निवृत्त झाल्यावर मात्र या कानांचा त्याला जाच होऊ लागला. चौथ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत बसल्या बसल्या त्याला कळायचं: लिफ्ट निघाली, दुसऱ्यावर टेकली, वर आली, आणि चौथा ओलांडून पुढे गेली. त्याच्यासाठी ती शेवटची थांबली तेव्हा मीटर वाचणारा आला होता, आणि तोही मजला चुकून.

त्याला एक धाकटी बहीण होती. होती म्हणजे आहे, चांगली खणखणीत, दुसऱ्या शहरात. फक्त अकरा वर्षं त्याच्याशी बोलत नव्हती.

लहानपणी घरात टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा होता. खेळ एकच: दोन हमाल, दोघांच्या हातात एक कपाट, आणि सात मजले चढायचे. कंट्रोलर दोन. त्यातला एक दादानेच फरशीवर आपटला होता, तेव्हापासून त्याचं डावीकडे जायचं बटण मेलेलं. तो कुणाच्या वाट्याला आला हे सांगायला नको. बहिणीचं घरातलं नाव टिचकी. टिचकीचा हमाल जन्मभर उजवीकडेच चालला. डावं वळण आलं की ती ओरडायची, "दादा, ओढ!" मग दादा कपाट ओढायचा आणि कपाटामागून टिचकीचा हमाल भिंतींवर डोकं आपटत फरफटत यायचा. दादा हसून लोळायचा. ती हसायची का, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. सातवा मजला त्यांना कधीच जमला नाही.

आई-वडिलांमागे घर रिकामं करताना ती दोन दिवस उशिरा पोचली.

"खेळ कुठाय?" तिने विचारलं.

"दिला भंगारात. एकच कंट्रोलर धड होता."

"दुसरा माझा होता," ती म्हणाली, आणि चप्पल घालून निघाली ती निघालीच.

गेल्या महिन्यात हत्यारांच्या पेटीच्या तळाशी त्याला त्या खेळाची कार्ट्रिज, म्हणजे डब्यात खुपसायची खेळाची वडी, सापडली. डबा नाही तर काय करायचं? शोधाशोध करून त्याने तोच खेळ उतरवून घेतला आणि संगणकावर एम्युलेटर बसवला. हा प्रोग्राम संगणकाची समजूत घालतो, की बाबा रे, तू संगणक नाहीस, तू तो जुना खेळाचा डबा आहेस. संगणक बिचारा भोळा, त्याला ते पटतं. माणसांना पटवायला असलं काही निघालेलं नाही.

तो एकटाच दोन्ही हातांनी खेळू लागला. डावा हात एक हमाल, उजवा हात दुसरा. दोन्ही हातांचं आपसात पटेना. पण एम्युलेटरमध्ये पडायच्या आधीचा क्षण साठवून ठेवता येतो, पडलं की पुन्हा तिथून सुरू. असा शंभरदा पडत तो सातव्या मजल्याच्या दारापर्यंत गेला आणि कपाट तिथेच टेकवून बसला. आत न्यावंसंच वाटेना. जमलं असतं तर सांगणार कुणाला?

लांबच्या माणसालाही कोड पाठवून खेळात घेता येतं, असं त्याने वाचलं. त्याने बहिणीला निरोप धाडला. "हमाल पाहिजे. रोज दुपारी चार." खाली कोड, आणि तिच्या संगणकावर काय काय करायचं त्याची इत्थंभूत माहिती. मग त्याने बटणांची यादी उघडली आणि स्वतःच्या हमालासमोरचं "डावीकडे" पुसून टाकलं. तिची सगळी बटणं शाबूत ठेवली, आणि खेळ पुन्हा तळमजल्यापासून लावला.

निरोप वाचल्याची खूण आली. उत्तर नाही.

चार वाजले की तो इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून संगणकासमोर बसायचा. पडद्यावर पाटी: "दुसऱ्या खेळाडूची प्रतीक्षा." दुसरा हमाल मान टाकून उभा. बारा दिवस लिफ्ट वरखाली होत राहिली आणि तो हमाल काही हलला नाही.

तेराव्या दिवशी हमालाने मान वर केली.

म्हातारा खुर्चीत पुढे सरकला. पण ही तीच कशावरून? नंबर एव्हाना दुसऱ्या कुणाचा झाला असला तर? त्याने कपाट उचललं. पलीकडूनही उचललं गेलं. दोघे उजवीकडे निघाले, जिना चढले, आणि पहिलं डावं वळण आलं. दुसरा हमाल भिंतीसमोर थांबला. थांबूनच राहिला.

परका असता तर बिनधास्त वळला असता. डावीकडे न जाणारा हमाल जगात एकच होता.

खेळाच्या कोपऱ्यातलं घड्याळ उलटं पळत होतं. चाळीस. पस्तीस. पडद्याच्या खाली अक्षरं उमटली.

"दादा, ओढ ना."

एका बोटाने त्याने लिहिलं, "नाही ओढता येत. माझं डावं बटण काढून टाकलंय."

"बिघडलं?"

"काढलं. तुझं चालतंय. दाबून बघ."

तीस. बावीस. अठरा. बाहेर लिफ्ट सुरू झाली. ती कितव्यावर थांबली ते त्याला कळलं नाही.

मग कपाटाला हिसका बसला. त्याचा हमाल मागच्या मागे खेचला गेला, वळणावर त्याचं डोकं भिंतीवर दाणकन आपटलं, आणि कपाटामागून तो फरफटत निघाला.

"लागलं का रे?"

"लागलं," त्याने लिहिलं.

"लागू दे."

आणि तिने त्याला पुढच्या भिंतीवर पुन्हा एकदा आपटलं. तिथे वळण नव्हतं.