आधी कुंपणालगतचे

ऑडेसा प्रुइट गाडीतून उतरली, फावडं उचललं आणि तडक वडिलांच्या थडग्याकडे निघाली. चूक झाली ती तिथंच.

"सिनेटरबाई, रस्ता विसरलात वाटतं?" झाडाखालून ल्युटी आत्यानं हटकलं. "बापाकडे शेवटी जायचं. आधी कुंपणालगतचे."

दर मे महिन्यात एका शनिवारी पाइन होलो गावची काळी माणसं आपलं कब्रस्तान साफ करायला जमत. गवताची काडी ठेवायची नाही, माती खरवडून लख्ख करायची. सुरुवात कुंपणालगतच्या कोपऱ्यातल्या बेवारशी थडग्यांपासून. लाकडाच्या गिरणीत राबायला कुठून कुठून आलेली ती माणसं. गेली तेव्हा रडायलाही कोणी नव्हतं. दुपारपर्यंत हात गळून जातात, म्हणून त्यांचं आधी. आपल्या माणसाचं काय, थकल्या हातांनीही होतंच.

ऑडेसा निमूट कोपऱ्याकडे वळली. त्या भागातून राज्याच्या सिनेटवर गेलेली ती पहिली काळी बाई. पण इथं ती ल्युटीची भाची होती, आणि तिचं फावडं बोथट होतं.

"चेहरा का उतरलाय?" शेजारी माती खरवडत आत्यानं विचारलं.

"माझं किमान मजुरीचं विधेयक आहे ना, ते बाकीचे सिनेटर पास करू म्हणतात. फक्त घरकामाच्या बायका त्यातून वगळायच्या. सोमवारी उत्तर द्यायचंय."

आत्याची सगळी हयात एका गोऱ्या जज्जाच्या स्वयंपाकघरात गेली होती. तिनं खरवडणं थांबवलं नाही. "मग हो म्हण. शेतावरच्या पोरांना तरी मिळू दे. आम्हाला सवय आहे."

"तुमचं पुढच्या वर्षी करू म्हणतात."

"हां," आत्या हसली. "जज्जीणबाईही असंच म्हणायची. माणूस गोड होतं, पुढच्या वर्षी म्हणता म्हणता वारलं."

जेवणं झाडाखाली झाली. कोंबडीवर हात मारून झाल्यावर चर्चचे डीकन फेरेल म्हणाले, "पोरी, दोन शब्द बोल. पीचचा गोड पदार्थ अजून वाढायचाय, एवढं ध्यानात ठेव."

ऑडेसा उभी राहिली. कुंपणापलीकडे गोऱ्यांचं कब्रस्तान होतं. तिथलं हिरवंगार गवत काउंटी सरकारचं यंत्र कापून जायचं.

"आपण सरकारला 'ते लोक' म्हणतो," ती म्हणाली. "ते आले, त्यांनी दिलं, त्यांनी नाही दिलं. पण पलीकडचं यंत्र आपल्याही करावर चालतं. एकट्याला झेपत नाही ते सगळ्यांनी मिळून करायचं, ह्यालाच मी सरकार म्हणते. आपण सकाळपासून तेच करतोय. देशही असाच असावा असं मला वाटतं. ज्याला कोणी नाही, त्याच्यापासून सुरुवात करणारा."

"आमेन," डीकन म्हणाले. "मग सोमवारी ते यंत्र इकडे धाडून दे."

सगळे हसले. ऑडेसाही हसली, पण खाली बसली ती ठरवूनच.

ऊन कललं तेव्हा ती वडिलांच्या थडग्यापाशी पोचली. तळहाताला फोड आले होते. आत्या शेजारी येऊन बसली.

"मी नाही म्हणणार आहे, आत्या."

"विधेयक पडेल."

"पडेल. शेतावरची माणसं शिव्या देतील, आणि त्यांचंही चुकणार नाही. पण अर्ध्यांना घेऊन पुढे गेलं की मागे राहिलेल्यांकडे कोणी वळत नाही. ह्या वर्षी पडलं तर पुढच्या वर्षी सगळ्यांना घेऊनच आणीन."

"पुढच्या वर्षी," आत्या म्हणाली.

ऑडेसानं फावडं खाली ठेवलं. बोचायचं ते बोचलं होतं.

आत्यानं फावडं पुन्हा तिच्याकडे सरकवलं. "आण मग. पण तेव्हा मला ऑस्टिनला, तुझ्या त्या सिनेटात घेऊन जा. कोण नाही म्हणतंय, ते मला समोरासमोर बघायचंय."

ऑडेसानं कडा खरवडल्या. थकल्या हातानं रेघ वाकडी गेली. ती पुन्हा सारखी करायला लागली.

"राहू दे," आत्या म्हणाली. "तुझं काम आहे हे बापाला कळेल. लहानपणीही वाकडंच करायचीस."