तारीख सोमवारची

मी एक जुना रबरी शिक्का आहे. प्रसूती रुग्णालयाच्या नोंदखोलीत, खिडकीलगतच्या टेबलावर माझी जागा. माझ्या अंगावर एकच वाक्य उलट्या अक्षरांत कोरलेले आहे : 'उपचार, धोके व पर्याय रुग्णास समजावून सांगितले.' त्याखाली तारखेची फिरती चाके आहेत. मित्रांनो, माझ्या उमटण्याला लोक पुरावा मानतात. तो कशाचा पुरावा आहे, हे तपासले पाहिजे. त्यावरून सिद्ध होते ते एवढेच, की शाई ओली होती.

मला घडवणाऱ्या कारागिराने भिंगाखाली प्रत्येक अक्षराची कड पाहिली होती. सुरुवातीला माझे काम सावकाश चाले. मोठ्या सिस्टर मला खाटेजवळ नेत, बाईला काय होऊ शकते ते सांगत, तिचे प्रश्न ऐकत आणि मगच मला उचलत. पुढे खाटा वाढल्या, माणसे वाढली नाहीत. एका सोमवारी सकाळी त्यांनी आठवड्याचे पन्नास कोरे संमती-अर्ज पुढ्यात घेतले आणि एका दमात सगळ्यांवर मला उमटवले.

"तेवढाच वेळ वाचतो," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

त्या वर्षी तपासनीस आले. प्रत्येक अर्जावर मी होतो, म्हणून त्यांनी अहवालात शंभर टक्के लिहिले आणि सिस्टरांचे कौतुक केले. मला नवे शाईपॅड मिळाले. शंभर टक्के दिसले की मोजणाऱ्याने थबकायला हवे. कोणी थबकले नाही.

त्यांपैकी एका अर्जावर एका टेलरताईने सही केली. प्रसूतीच्या खोलीत काय घडले ते मला नंतर तिच्याच तोंडून कळले. दोघींनी तिला धरून ठेवले, तिसरीने पोटावर भार दिला आणि खाली छेद घेतला गेला. का, ते कोणी सांगितले नाही. बाळ सुखरूप होते, म्हणून सर्व ठीक झाल्याची नोंद झाली.

रुग्णालयात दुसरी रिकामी जागा नव्हती, त्यामुळे दर गुरुवारी दुपारी माझ्याच खोलीत सहा-सात बाया आपापल्या बाळंतपणांविषयी बोलायला जमू लागल्या. त्यांना जमवणारी एसटीतली कंडक्टरताई स्वतः अशाच बाळंतपणातून गेलेली होती. ती उपदेश करत नसे. आधी ऐकून घेई.

"सासूबाई म्हणतात, आम्ही पाच-पाच बाळंतपणं काढली, तोंडातून ब्र काढला नाही," टेलरताई म्हणाली.

"माझ्याही तेच म्हणायच्या," कंडक्टरताई म्हणाली. "शेवटी मी विचारलं, काढला नाही की कुणी काढू दिला नाही? तेव्हापासून माझ्याशी जरा जपून बोलतात."

बाया हसल्या. टेलरताई हसली नाही. "मी कापडाला कात्री लावण्याआधी गिऱ्हाइकाला दोनदा विचारते. आता नुसता कात्रीचा आवाज आला तरी घाम फुटतो."

बोलण्याने जखम भरते, असा माझा दावा नाही. तुलनेसाठी माझ्याकडे काही नाही. निरीक्षण इतकेच : अकराव्या गुरुवारी तिने स्वतः कापलेले एक झबले आणले. पुन्हा दिवस गेल्याचे तिने त्याच दुपारी सांगितले. जवळपास दुसरे रुग्णालय नव्हते.

"मला एवढंच हवंय, या वेळी आधी सांगावं. नाही म्हणायला वेळ असताना."

तिने जुना अर्ज मागून घेतला. कंडक्टरताईने माझ्या तारखेवर बोट ठेवले. "तू इथे कधी आलीस?"

"बुधवारी."

"हा सोमवारचा आहे. म्हणजे तू घरी मशीनवर बसली होतीस, तेव्हाच तुला सगळं समजावून झालं होतं."

दोघींनी तो कागद मोठ्या सिस्टरांपुढे ठेवला. "या वेळी मी स्वतः सांगेन," त्या म्हणाल्या. त्या मनापासून बोलल्या असाव्यात. पुढच्या सोमवारी मात्र पन्नास अर्ज पुन्हा पुढ्यात आले. त्याच्या पुढच्या सोमवारीही आले.

आज दुपारी टेलरताई आली आहे; सोबत कंडक्टरताई. कळा दर चार मिनिटांनी येत आहेत. सिस्टरांनी अर्ज पुढे केला. टेलरताईने माझ्यावर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिले, 'अजून सांगितलेलं नाही.'

"हा खराब झाला," म्हणत सिस्टरांनी दुसरा ओढला. त्यावर मी होतो. तिसऱ्यावर होतो. त्यांनी सारा गठ्ठा चाळला. मी नसलेला एकही अर्ज या इमारतीत नव्हता.

"पाठकोरा चालेल," कंडक्टरताई म्हणाली. "आधी बोला, सिस्टर. लिहू नंतर."

सिस्टरांनी स्टूल ओढले. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून त्यांना कोणीतरी हाक मारली. नंतर पुन्हा मारली, अधिक घाईने.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या या टेबलाच्या अलीकडे बसेल, कोणी पलीकडे. अलीकडे बसलात तर आधी तोंड उघडा, मग मला उचला. पलीकडे असलात तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. काय सांगितले गेले ते आठवून पाहा. मला वापरायचे असेल तर शेवटी वापरा. माझी निगा राखायची असेल, तर एवढीच राखा.

सिस्टर दाराकडे पाहत आहेत. त्यांनी अजून काही सांगितलेले नाही. कळा आता तीन मिनिटांवर आल्या आहेत.